कानबाईच्या बँडचा निकाल

भादखेड्यात सन कुणी सांगत नसे. शोभाबाईची म्हैस घेतली ती रडक्या चालीच्या वर्षी, शाळेचे पत्रे उडाले ते रेडिओच्या वर्षी आणि सरपंचाचा थोरला जन्मला तो भोंग्याच्या वर्षी, एवढं सांगितलं की गावाला पुरे. ही सगळी वर्षं बँडची होती. श्रावणातल्या रविवारी घरोघर कानबाई बसायची, नारळाला डोळे-नथ लावून दागिन्यांनी नटवलेली. सोमवारी बायका तिला पाटावर बसवून डोक्यावर घेत आणि गोमाई नदीत बोळवायला निघत. पुढे म्हसावदच्या रूपचंद मास्तरांचा 'न्यू प्रभात बँड' असायचा. मारुतीच्या पारापासून नदीपर्यंत त्यानं एक कोरी चाल वाजवायची, त्याआधी कुठल्याही लग्नात न वाजलेली, असा गावाचा दंडक होता. नावात 'न्यू' असलं तरी तालुक्यात त्याच्याइतका जुना बँड दुसरा नव्हता.

ती चाल कशी निघेल त्यावरून वर्षाला नाव पडायचं. नाव ठेवायची ती पार्वतीबाई, आणि नावं ठेवायची तीही पार्वतीबाईच.

पार्वतीबाई म्हणजे लोटन पाटलांची बायको. सगळं गाव तिला जिजी म्हणायचं. उंच, सडपातळ, बोलण्यात फटकळ. जिजीला गाणं येत नव्हतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर ती गायला लागली की बाकीच्या बायका झोका थांबवून पाणी प्यायला जायच्या. पण कान! देवानं गळ्यातलं सगळं काढून तिच्या कानात भरलं होतं. या बँडवर तर ती आपला हक्कच सांगायची, कारण रूपचंद मास्तरांची पहिली सुपारी तिच्या लग्नाची. लढाईचे दिवस होते. जुन्या बाजारातून आणलेले पलटणीचे जाड कोट ऐन वैशाखात घालून बँडवाले घामानं निथळत होते आणि त्यांना चाली येत होत्या फक्त दोन. एक जाताना, एक येताना, आणि जेवणाच्या पंगतीला पुन्हा पहिलीच. लोटन पाटलांनी त्या दिवशी नव्या नवरीकडे पाहिलं तर ती मान खाली घालून गप्प. त्यांना वाटलं, पोरीला माहेर आठवतंय. ते हळूच "काय व्हयनं वं?" म्हणाले, तर नवरी म्हणाली, "पिपानीवाला ग्वाड शे, पन ढोलवाला पुढे पळी ऱ्हायना." पिपाणी म्हणजे क्लॅरिनेट, ते स्वतः मास्तर वाजवायचे. ढोलवाला त्यांचा मेहुणा भीमसिंग. हे बोलणं त्याच्या कानावर गेलं आणि तो जिजीवर रुसला, तो रुसलाच.

तेव्हापासून जिजी म्हणजे बँडची परीक्षक. दरवर्षी कानबाई नदीत बोळवली, की मास्तर टोपी काढून जिजीसमोर उभे राहायचे आणि सगळं गाव कान टवकारायचं. निकाल एका शब्दाचा. "बरं शे" म्हणजे काठावर पास. "ग्वाड शे" म्हणजे मास्तरांनी घरी जाऊन बायकोला गुळाचा शिरा करायला सांगावा. आणि त्याच्याही वरचा शब्द एकच, "भलतं". भलतं म्हणजे आमच्या खान्देशात अतोनात, हद्दीबाहेरचं, ज्याच्यापुढे काही उरत नाही असं. हा शब्द जिजीनं एकदाच दिला होता, अठ्ठेचाळीस साली; त्या एका वर्षाला कुठलंच नाव पुरलं नाही, गाव त्याला सनानंच ओळखायचं. त्या वर्षी मास्तरांची पिपाणी पाराच्या कोपऱ्यावर अशी काही वर चढली होती की वडावरचे बगळे उडाले. जिजी ते सांगायला लागली की तिच्या डोळ्यात पाणी यायचं आणि चुलीवरचं दूध उतू जायचं.

त्यानंतर मात्र बँडची उतरण लागली असं जिजीचं ठाम मत होतं. भोंग्याचं वर्ष? नवा मोठा पितळी भोंगा आणला म्हणून तोच सारखा वाजवला, नवी सून कुंकवाचा करंडा मिरवते तसा. दोन पिपाण्यांचं वर्ष? दोघी सवतींसारख्या भांडल्या. रडक्या चालीबद्दल तर बोलायलाच नको, कानबाईला बोळवताय की कुणाला पोहोचवताय? मग रेडिओचं वर्ष आलं. मास्तरांचे पुढचे दात गेले होते, पिपाणी फुंकवेना, ती त्यांनी पुतण्याकडे दिली. पुतण्यानं रतिलालच्या दुकानात बसून रेडिओ ऐकला आणि दोन गाण्यांचे तुकडे जोडून 'कोरी' चाल केली. जिजीनं दोन्ही तुकडे ओळखले, शिवण कुठे घातली तेही सांगितलं. त्या वर्षापासून निकाल बंद झाला. मास्तर टोपी काढून उभे राहायचे आणि जिजी त्यांना नुसता पाण्याचा तांब्या द्यायची. शिव्या परवडल्या, पण तो तांब्या मास्तरांना फार लागायचा.

पासष्ट सालच्या आषाढात पारावर पंच बसले. कानबाईची वर्गणी रतिलालशेठकडे असायची. कापडाचं दुकान, गळ्यात कायम मोजपट्टी, नव्या वस्तूचा भारी सोस. तो म्हणाला, "औंदा नंदुरबारना नवा बँड आनूत. त्यास्ना कोटले सोनेरी झालर शे, गाडीवर बॅटरीना भोंगा शे, गानारा बी शे. मास्तर आते थकी गयात."

जुनी माणसं कुरकुरली. रतिलाल हुशार. त्यानं जिजीलाच पुढे केलं. "जिजी मास्तरले पानीना तांब्या देस का नही? मंग तीच सांगो. औंदा मास्तरलेच बलावूत. जिजी 'भलतं' म्हननी तं मास्तर जलमभर. नही म्हननी, तं पुढला वरीस नवा बँड."

जिजी समोरच्या ओट्यावर उभी होती. तिच्याच्यानं राहवलं नाही. "चालई! मी खरं ते सांगसू," असं म्हणून बसली आणि घरी आल्यावर आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. भादखेड्याची कानबाई ज्या बँडची, त्याचीच आसपासच्या गावांची लग्नसराई, हे लहान पोरालाही माहीत होतं. ही मिरवणूक गेली की 'न्यू प्रभात' मोडणार, भोंगे विकले जाणार आणि म्हातारे मास्तर दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणार. आणि हे सगळं तिच्या एका शब्दावर.

लोटन पाटलांना यात काही अवघड दिसेना. "सांगी दे ना भलतं. तुन्हं काय जास?"

"आन् अठ्ठेचाळीसले काय म्हनू मंग? तेले बी भलतंच म्हनेल शे मी! वाईटले भलतं म्हनं तं त्या चालनी काय किंमत ऱ्हायनी?"

पाटील मिशीत हसले. "बँड म्हतारा व्हयना का तू म्हतारी व्हयनी, ते पहिले दखी ले."

त्या संध्याकाळी पाटलांना भाकरीबरोबर ठेचा मिळाला नाही. पण त्यांचं बोलणं जिजीला टोचलं ते टोचलंच.

श्रावण जवळ आला तशी म्हसावदहून भाजी विकायला येणारी बेबीबाई रोज नवी बातमी आणू लागली. मास्तरांनी नवा पिपाणीवाला आणलाय, साताऱ्याकडचा, पलटणीतल्या बँडमधून रिटायर झालेला हवालदार. दार लावून बसतात, कुणाला ऐकू देत नाहीत. मास्तर बिनदातांच्या तोंडानं गुणगुणतात आणि हवालदार तसं वाजवतो. एक दिवस बेबीबाई टोपली खाली ठेवायच्या आत म्हणाली, "जिजी, आज भीमसिंगनी बायको सांगे, भीमसिंग रडना!" जिजीनं घासाघीस न करता सगळी गिलकी घेतली. तिला भूक लागेना. बाई, काय वाजवणार असतील? आनंदानं रडला की दुःखानं? सोमवार कधी उजाडतो असं तिला झालं.

सोमवार उजाडला. उघडीप होती, रस्ता धुऊन निघाला होता. बायका नवी लुगडी नेसून, डोक्यावर कानबाई घेऊन पाराशी जमल्या. बैलगाडीतून बँड उतरला. कोट तेच, ठिगळांसकट. मास्तर झांजा घेऊन एका बाजूला उभे राहिले. मधोमध हवालदार, ताठ, पिळदार मिशांचा, कुणाकडे न बघणारा. जिजी नेहमीप्रमाणे ढोलाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिच्या छातीत एवढं धडधडत होतं, की तोच ठेका धरून भीमसिंग वाजवील की काय अशी तिला भीती वाटली.

आधी नुसता ढोल वाजला, आणि तोही सावकाश. सगळा जन्म पुढे पळालेला भीमसिंग आज एकेक टिपरू जपून टाकत होता. मग भोंग्यानं चाल धरली, खालच्या, घोगऱ्या आवाजात. पिपाणी गप्पच. जिजीच्या कपाळाला आठी पडली. साताऱ्याहून माणूस आणला तो काय मिशा दाखवायला? तेवढ्यात पिपाणी आली, पण कधी आली ते कळलंच नाही, भोंग्याच्या पोटातून निघाल्यासारखी आली. पाराचा कोपरा जवळ आला. इथंच, इथंच ती अठ्ठेचाळीस साली चढली होती. चढ रे बाबा, तिनं मनात म्हटलं. चढ, म्हणजे मला भलतं म्हणता येईल, म्हणजे सगळं वाचेल.

पिपाणी चढली नाही. ती खाली उतरली, आणखी खाली उतरली. आता संपली म्हणताना तिथं, अगदी तळाशी, तिला दुसरीच चाल सापडली, नाचरी, खट्याळ. ती चाल घेऊन ती उसळली आणि तिच्यामागोमाग ढोल दुप्पट झाला, कार्नेटचे पितळी सूर उडाले, झांजा कडाडल्या. जिजीच्या अंगावर सरसरून काटा आला. हे अठ्ठेचाळीस नव्हतं. अठ्ठेचाळीसच्या जवळपासही ते जात नव्हतं, आणि त्याला तिकडे जायचंच नव्हतं! दरवर्षी बँड जुन्या चालीमागे धावायचा आणि धापा टाकत मागे राहायचा. आज तो आपल्या वाटेनं, आपल्या म्हाताऱ्या पायांनी निघाला होता आणि गाव त्याच्यामागे धावत होतं.

मिरवणूक पारापासून हलेचना. कानबाई डोक्यावर घेतलेल्या बायका पुढे जायचं सोडून बँडकडे तोंड करून डोलत होत्या. जिजीची शेजारीण निर्मलाबाई एका पायावर गिरक्या घेत होती. रतिलालशेठची मोजपट्टी गळ्यातून निसटून लोकांच्या पायाखाली गेली तरी त्याला पत्ता नव्हता, तो दोन्ही हात वर करून नाचत होता. नदीवर पोहोचायला दुपार टळली. देवी गोमाईत बोळवली, बायकांनी परत न्यायची वाळू पाटांवर घेतली आणि मग सगळं शांत झालं.

मास्तर टोपी काढून पुढे आले. जिजीला तांब्या सुचला नाही, काही सुचलं नाही. ती सगळ्या नदीला ऐकू जाईल अशी ओरडली, "भलतंच वाजाडं! मास्तर, भलतंच!"

गावानं एकच गलका केला. टोप्या उडाल्या, शिट्ट्या वाजल्या. भीमसिंगनं ढोलावर डोकं टेकलं. रतिलालशेठ मास्तरांच्या पाठीवर थापा मारत म्हणाला, "जलमभर, मास्तर! जलमभर!"

या गलक्यात एका माणसाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. हवालदारानं तो शब्द ऐकला होता, पण सातारच्या कानांनी. तिकडे कुणी काही भलतंच केलं म्हणजे नको ते केलं, अंगलट येईल असं केलं. आणि वर हा हुर्यो! त्यानं पिपाणी पुसली, पेटीत घातली आणि कुणाशी न बोलता शहाद्याच्या सडकेला लागला.

परतीची चाल वाजवायची वेळ आली तेव्हा ते ध्यानात आलं. वाळू घेतलेल्या बायका उन्हात उभ्या आणि बँडला पिपाणीच नाही! रतिलालशेठचा चेहरा लगेच व्यापाऱ्याचा झाला. "हाई कसं व्हयनं? गडी अर्धामाथीन पळी जास, आसा बँडले जलमभरनी सुपारी कशी देवानी?"

सडकेवरून आलेल्या एका पोरानं सांगितलं, हवालदार रागानं लाल होऊन गेला, 'भलतंच' म्हणून पुटपुटत होता. जिजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं कासोटा आवळला आणि ती धावत सुटली. पाटलांच्या घरची बाई, भर दुपारी, सडकेनं, पदर वाऱ्यावर. मागून मास्तर लटपटत निघाले.

हवालदार निंबाखाली एसटीची वाट बघत उभा होता.

"भाऊ, थांबा!" जिजी धापा टाकत म्हणाली. "काब्र चालनात? काय व्हयनं?"

"बाई, नाही आवडलं तर नाही आवडलं म्हणावं. भलतंच काय? उभा जन्म पलटणीत वाजवलं. मी काय भलतंसलतं वाजवलं?"

"भलतंच तं वाजाडं तुम्ही! आख्खं गाव येडं करी टाकं!"

"मी वेडं केलं?"

"जीव लिधा आम्हना!"

"आता जीवही घेतला," हवालदार म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

जिजीनं कपाळावर हात मारला. तिच्या तोंडचे सगळे चांगले शब्द उलटे पडत होते. शेवटी तिनं शाळेतलं मराठी आठवलं. चौथीत असताना साहेब तपासणीला आले होते आणि जाताना एक भारदस्त शब्द बोलले होते. ती सरळ उभी राहिली आणि स्पष्ट म्हणाली, "आजचे वादन समाधानकारक आहे."

"समाधानकारक!" हवालदाराच्या मिशा थरथरल्या.

तेव्हा जिजी मटकन निंबाच्या पारावर बसली. निकालाचे शब्द संपले होते. मग जे मनात होतं तेच तिच्या तोंडातून आलं. "भाऊ, मी अठ्ठेचाळीसनी चाल उराशी धरीसन बठेल व्हतू. मास्तरनी दर वरीसले काही बी वाजाडं तरी मी तिन्हावरथीनच मोजं. हाई तशी नही, ती तशी नही. आज तुम्हनी चाल आयकी आन् ती माले आठवनीच नही. आते बी आठवी ऱ्हायनू, पन येतच नही. गयी ती." बोलता बोलता ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायलाही लागली.

हे बोलणं हवालदाराला कळलं. शब्द सगळे नसतील कळले, पण कळलं.

मास्तर मागे येऊन उभे होते. अठ्ठेचाळीसची पिपाणी त्यांची स्वतःची, त्यांच्या दातांची, त्यांच्या जवानीची. जिजीला ते दिसले आणि ती चपापली. मास्तर मात्र बोळक्या तोंडानं हसत होते. "बरं व्हयनं, जिजी. तिन्हा मारे मन्ही एक बी चाल जगनी नही. दात नहीत म्हनीसन औंदानी आख्खी चाल खाले बांधी, आन् तूच कबूल व्हयनी. आते मरानी बी घाई नही." मग हवालदाराकडे वळून म्हणाले, "भलतं म्हणजे आमच्याकडं सगळ्यात वरचा मान, हवालदार. मला तो उभ्या आयुष्यात दोनदा मिळालाय. तुम्हाला पहिल्याच फेऱ्यात!"

"आमच्याकडं असं म्हटलं तर मारामारी होते," हवालदार म्हणाला आणि त्यानं पेटी उचलली. तेवढ्यात एसटी आली, थांबली, आणि कुणी चढलं नाही म्हणून निघून गेली.

नदीवर बायका तशाच उभ्या होत्या. हवालदारानं पिपाणी जोडली, ओठ ओले केले आणि गावच्या पंचांकडे न बघता जिजीला विचारलं, "काय वाजवू?"

परतीची चाल वेगळी असायची, ठरलेली, साधी. तो दंडक जिजीनंच आजवर सांभाळला होता. ती म्हणाली, "तेच. पुन्हा."

भीमसिंगनं ढोल धरला. निघता निघता तो रुसवा विसरून जिजीकडे बघून हसला. पहिलं टिपरू पडलं आणि जिजी ढोलाच्या शेजारून सरकली. ऐकणाऱ्यानं नाचू नये, आपल्याच बांगड्यांनी कान भरतात, असं ती सुनांना सांगत आली होती. आता ती बँडच्या पुढे गेली, निर्मलाबाईचा हात धरला, पदर खोचला आणि पाय टाकला. तिला नाचता येत नव्हतं. दोनदा ती रतिलालशेठवर आदळली, एकदा बैलगाडीवर. बायका हसून हसून वाकल्या. रतिलालशेठनं चालत्या मिरवणुकीतच मास्तरांच्या हातात पुढल्या वर्षाची सुपारी ठेवली आणि परत नाचायला लागला. मिरवणूक गावात पोहोचेपर्यंत जिजी थांबली नाही.

संध्याकाळी लोटन पाटील ओट्यावर बसले होते. बोळवणीनंतर ते गुरांकडे गेले होते, परतीचं त्यांनी ऐकलं नव्हतं. जिजी पाय चेपत बसली होती.

"काय वं," त्यांनी विचारलं, "येताना कसं वाजाडं?"

"माले काय माहीत," जिजी म्हणाली. "मी आयकं कठे? मी तं नाचत व्हतू."